सुमंगलाच्या नावावरचं हृदय

१

सुमंगला वारली त्याला नऊ दिवस झाले होते, आणि तिचं हृदय ठणठणीत असल्याचा कागद तिच्या नवऱ्याच्या हातात होता.

दावणगेरेतल्या त्या खासगी हृदयरुग्णालयात इकोची खोली पहिल्या मजल्यावर, जिन्याला लागूनच. सकाळचे साडेदहा झाले होते आणि बाहेरचे बाक भरले होते. आत वनजाक्षी एका म्हाताऱ्याच्या छातीवर प्रोब टेकवून बसली होती, तेवढ्यात दार उघडलं.

"हाक मारल्यावर या, अण्णा," ती मान न वळवता म्हणाली.

"मी दाखवायला आलो नाही. इथं वनजाक्षी कोण?"

आता तिनं वळून बघितलं. तिशीतला हडकुळा माणूस होता. सदऱ्यावर भाताच्या कोंड्याची भुकटी, म्हणजे कुठल्या तरी राईस मिलमधून सरळ उठून आलेला. त्यानं कागद पुढे केला. तारीख पाच महिन्यांपूर्वीची, नाव सुमंगला, वय सत्तावीस, तिसरा महिना. चारही झडपा निर्दोष. खाली डॉक्टर रुद्रमुनींची सही आणि कोपऱ्यात वनजाक्षीची आद्याक्षरं.

"आक्का, झडप पाच महिन्यांत बंद होते का?"

सतरा वर्षं ती हेच काम करत होती. उत्तर तिला ठाऊक होतं, म्हणूनच तिला ते देववेना. लहानपणी सांध्यांचा ताप येतो, मग डावीकडची झडप हळूहळू चिकटत जाते, आणि त्याला वर्षानुवर्षं लागतात. पाच महिन्यांत होणारी ती गोष्टच नव्हे.

"बसा आधी," ती म्हणाली.

"बसत नाही. सातवा सरत आला होता. धाप लागली म्हणून सरकारी दवाखान्यात नेलं, तर तोंडाला फेस. पोट फाडून मूल काढलं, ते जगलं. हिला नाही वाचवता आलं. तिथले डॉक्टर माझ्यावरच ओरडले. म्हणाले, झडपेला दाभणाएवढं भोक उरलंय, इतक्या वर्षांचा आजार आणि तुम्ही मूल होऊ दिलंत? मी हा कागद दाखवला. त्यांनी दोनदा वाचला आणि परत दिला. म्हणाले, हा ज्यांनी लिहिला त्यांना जाऊन विचारा."

त्याचं नाव कोट्रेश. त्यानं आरडाओरडा केला असता, तर वनजाक्षीला बरं वाटलं असतं. तो नुसता उभा होता, जणू ती आत्ता काही तरी सांगेल आणि त्याची बायको परत येईल.

दुपारी रुद्रमुनींनी तिला खोलीत बोलावलं. "वनजाक्षी, तू जे चित्र दाखवतेस त्यावर मी सही करतो. चित्रच चुकीचं असेल तर मी काय करणार? शुक्रवारी चौकशी आहे. लेखी उत्तर आण. तोवर पेशंट तिप्पेस्वामी बघेल."

शुक्रवारला तीन दिवस होते.

२

मशीनमध्ये त्या दिवसाची चित्रं होती. वनजाक्षीनं खोलीचं दार लावलं, दिवा मालवला आणि सुमंगलाचं नाव उघडलं.

पडद्यावर एक तरुण हृदय धडधडू लागलं. डावीकडची झडप पातळ, नितळ. प्रत्येक ठोक्याला सताड उघडत होती आणि नीट मिटत होती. आजारी झडप जाड होते, गुडघ्यासारखी वाकून अडकते. इथं तसलं काही नव्हतं. डाव्या कप्प्यात या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत ताणलेली एक बारीक दोरी तेवढी दिसत होती. असली दोरी काही जणांना जन्मतःच असते, तिचा काही त्रास नसतो, म्हणून अहवालात कोणी ती लिहीतही नाही.

म्हणजे तिनं चुकीचं वाचलं नव्हतं. मग नावं बदलली का? यादी बघितली. सुमंगलाच्या आधी बासष्ट वर्षांचा एक माणूस होता, नंतर नऊ वर्षांची मुलगी. पडद्यावरचं हृदय म्हाताऱ्याचं नव्हतं आणि लहान मुलाचंही नव्हतं.

मग उरला तिप्पेस्वामी, तिच्या हाताखालचा तंत्रज्ञ. दोन वर्षांपूर्वी त्यानं घाईच्या दिवशी एका पेशंटचं चित्र दुसऱ्याच्या नावावर चिकटवलं होतं आणि पकडला गेला होता. वनजाक्षीनंच तेव्हा रदबदली करून त्याची नोकरी वाचवली होती.

"मी? आक्का, एकदा चुकलो म्हणून जन्मभर माझ्याच नावानं शंख करणार का?" तिप्पेस्वामी लालबुंद झाला. "त्या दिवशी मी हरिहरच्या शिबिरात होतो. हे बघा फोटो. तिथल्या डॉक्टरांच्या शेजारी उभा आहे, तोंडात मिरची भजी."

फोटो खरा होता, तारीखही तीच. तिप्पेस्वामीनं पडद्याकडे बघितलं आणि त्याचा आवाज एकदम उतरला.

"आणि आक्का, चित्र कोणाच्या हातचं आहे ते दिसतंय की. पहिलं चित्र दोनदा. एकदा साधं, एकदा श्वास रोखायला लावून. या गावात असं कोण करतं?"

तशी सवय फक्त तिलाच होती. चित्र तिच्याच हातचं होतं. म्हणजे सुमंगला म्हणून जी बाई आली तिला वनजाक्षीनं स्वतः या टेबलावर झोपवलं, स्वतः बघितलं आणि स्वतः निर्दोष म्हटलं.

तिला आणखी एक गोष्ट आठवली. बाळंतपणाच्या डॉक्टरीणबाईंच्या चिठ्ठीवर लिहिलं होतं, हृदयात मोठा आवाज. आणि चित्रात तर आवाज यावा असं काहीच नव्हतं. ती चिठ्ठी घेऊन ती रुद्रमुनींकडे गेली होती. "सर, एकदा छातीला स्टेथोस्कोप लावून बघता का? चिठ्ठी आणि चित्र जुळत नाही." ते फोनवर होते. हातानंच त्यांनी खूण केली आणि म्हणाले, "गरोदरपणात येतात असले आवाज. पुढे चल."

आणि ती पुढे चालली होती.

३

कोट्रेशचं घर जुन्या पेठेतल्या बोळात होतं. वनजाक्षी साध्या साडीवर गेली होती, कोणाला कळवलंही नव्हतं. दार उघडणारी मुलगी तिला बघताच एक पाऊल मागे सरली.

"आक्का... तुम्ही?"

"ओळखतेस काय गं, भाग्या?" आतून कोट्रेशची आई म्हणाली.

"दवाखान्यात... सुमक्काबरोबर गेले होते ना मी." एवढं बोलून मुलगी चहा टाकायला आत पळाली. ती सुमंगलाची धाकटी बहीण होती. ताई गेल्यापासून दिवसातून दोनदा इथं येत होती.

कोट्रेशची आई बोलकी होती, आणि नऊ दिवसांत तिचं नीट ऐकून घेणारं कोणी भेटलं नव्हतं. "अहो, तिला काही आजार असता तर आम्हाला दिसला नसता का? जरा नाजूक होती, एवढंच. तीन उशा घेऊन झोपायची. मी म्हणायचे, राणीसाहेब, आणखी एक देऊ का? आणि कंबर तेवढी दुखायची. दर तीन आठवड्यांनी माहेरी, जगळूरला, कमरेत इंजेक्शन घ्यायला. म्हणायची, तिथल्याच डॉक्टरचा हात लागतो. आम्ही हसायचो. कंबर दुखते की माहेर आठवतं?"

वनजाक्षीच्या हातातला कप तसाच राहिला.

"दर तीन आठवड्यांनी? चुकवायची नाही?"

"कधीच नाही. लग्नाला चार वर्षं झाली. दिवस गेल्यावरसुद्धा चुकवलं नाही. एकविसावा दिवस उजाडला की पिशवी भरलेलीच."

असलं इंजेक्शन कंबरदुखीचं नसतं. लहानपणी त्या तापानं ज्यांचं हृदय धरलं, त्यांनाच दर एकवीस दिवसांनी ते घ्यावं लागतं, वर्षानुवर्षं. सुमंगलाला आपला आजार ठाऊक होता. लग्नाच्या आधीपासून ठाऊक होता.

म्हणजे पाच महिन्यांपूर्वीही तिची झडप खराबच होती. आणि खराब झालेली झडप पुन्हा नितळ होत नाही.

पडद्यावरचं हृदय सुमंगलाचं नव्हतंच.

कोट्रेश कोपऱ्यात बसून तिच्या चेहऱ्याकडे बघत होता. "काय झालं, आक्का?"

"काही नाही. शुक्रवारी सांगते," ती म्हणाली आणि जवळजवळ पळतच बोळाबाहेर आली. वाटेत तिला दुसरी गोष्ट सुचली आणि ती उन्हात तशीच उभी राहिली. सोबतच्या माणसांना इकोच्या खोलीत सोडतच नाहीत. वनजाक्षी सकाळी आत जाते ती संध्याकाळीच बाहेर येते. बाहेर बाकावर बसलेल्या बहिणीनं तिचं तोंड बघितलं कधी?

४

नोंदणीच्या खिडकीवर परवीन बसायची. तिला ती दोघींची जोडी आठवत होती, आणि आठवायला कारणही होतं.

"भांडण झालं होतं ना माझं. दोघी आल्या. एक जण बाकावर सरळ आडवीच झाली. मी ओरडले, पेशंटला बसायला जागा नाही आणि तू सोबतची असून पसरतेस? ती म्हणाली, जिना चढून धाप लागलीय."

"सोबतची?"

"हो. पेशंट दुसरी होती. मी सुमंगला, सुमंगला म्हणून तीनदा हाका मारल्या. तिचं लक्षच नव्हतं. या आडव्या पडलेलीनं तिला कोपर मारलं, तेव्हा उठली."

"कार्ड बघितलंस?"

"बघितलं की. पण कार्डावरचे फोटो कसे असतात तुम्हाला माहीत आहे. त्यात मीसुद्धा माझ्या भावासारखी दिसते." परवीन हसली आणि मधेच थांबली. तिच्या डोळ्यांत काही तरी उतरत गेलं. "आक्का... म्हणजे ती आडवी झालेली... मी तिला उठवून बसवलं. मी तिला उठवलं, आक्का."

वनजाक्षीनं तिच्या पाठीवर हात ठेवला.

भाग्या चुरमुऱ्यांच्या भट्टीवर कामाला होती. गरम वाळूचा वास, धुरानं काळवंडलेल्या भिंती आणि बायांची चाळणी. वनजाक्षीला बघून तिनं चाळणी खाली ठेवली आणि आपणहून मागच्या अंगणात आली.

"त्या दिवशी तू मला एक विचारलं होतंस," वनजाक्षी म्हणाली. "टेबलावर पडल्या पडल्या. 'तिला काही होणार नाही ना?' मी चेष्टा केली, मुलगीच होणार हे आत्तापासून ठरवलंस का? तू बाळाबद्दल नव्हतीस बोलत."

भाग्या पोत्यावर बसली. ती पदराला लागलेली राख झटकत राहिली.

"सतराव्या वर्षी सांगितलं होतं तिला, झडप मोकळी केल्याशिवाय मूल होऊ द्यायचं नाही. अप्पांनी ते दडवून लग्न लावलं. मग तीही दडवत राहिली. दिवस गेले आणि डॉक्टरीणबाईंनी इको सांगितला. कोट्रेशभावजी म्हणाले, मी येतो बरोबर. तिनं मिलमध्ये घाईचे दिवस आहेत म्हणून त्यांना थांबवलं आणि मला घेऊन आली. जिन्यात माझे पाय धरले, आक्का. म्हणाली, पंधरा मिनिटं झोप फक्त. खरं कळलं तर पोटातलं काढून टाकतील. पाचवा लागला की मीच सांगते सगळं."

"मग?"

"पाचव्यात म्हणाली, सहाव्यात सांगते."

"तू का नाही सांगितलंस?"

"शपथ घातली होती. आणि..." भाग्यानं तोंड फिरवलं. "तुम्हाला वेडेपणा वाटेल. त्या कागदावर तिचं नाव होतं ना. सगळं चांगलं आहे असं छापलं होतं. ती वाचून हसली, मीही हसले. घरी जाईपर्यंत मला खरंच वाटायला लागलं की तिचं बरं आहे. माझं हृदय बघून लिहिलंय हे मी विसरलेच."

वनजाक्षी तिच्या शेजारच्या पोत्यावर बसली.

"बाळ अजून काचेच्या पेटीत आहे," भाग्या म्हणाली. "रोज तीन तास त्याला उघड्या छातीशी धरायला लागतं, अंगाच्या उबेवर. सुमक्काच्या सासूबाईंना जमत नाही. मीच धरते. भावजींना कळलं तर मला दारातसुद्धा उभं करणार नाहीत. कशाला करतील? मीच मारलं ना तिला." तिनं वर बघितलं. "तुम्ही सांगणार?"

सांगितलं नाही, तर सतरा वर्षांचं नाव मातीत जाणार होतं. पुन्हा कोणी तिच्या हातात प्रोब दिला नसता. सांगितलं, तर वीतभर त्या जिवाची ऊब जाणार होती.

"तुझं नाव माझ्या तोंडून निघणार नाही," ती शेवटी म्हणाली, आणि भट्टीबाहेर आल्यावर तिला रडू कोसळलं.

५

शुक्रवारी रुद्रमुनींच्या खोलीत ते स्वतः, रुग्णालयाचे व्यवस्थापक, वनजाक्षी आणि कोट्रेश असे चौघे होते. कोट्रेशनं भाग्यालाही आणलं होतं. "त्या दिवशी हीच होती बरोबर," तो म्हणाला. "काही विचारायचं असेल तर हिला विचारा." भाग्या दाराला टेकून उभी राहिली.

वनजाक्षीनं एकेक गोष्ट मांडली. कमरेतलं इंजेक्शन, एकवीस दिवस, तीन उशा. जुना आजार असलेली झडप जाड असायला हवी होती, आणि मशीनमध्ये तर पातळ झडपेचं हृदय होतं. यादीत अदलाबदल नाही. चित्र तिच्याच हातचं.

"म्हणजे त्या दिवशी टेबलावर सुमंगला नव्हती," ती म्हणाली. "दुसरी कोणी तरी होती."

कोट्रेश खुर्चीवरून उठला. "दुसरी कोण?"

"ते मला सांगता येणार नाही."

"माहीत नाही की सांगता येत नाही?" रुद्रमुनींनी विचारलं.

"सांगता येत नाही, सर."

व्यवस्थापकांनी पेनाचं टोपण काढलं. "मग ही नुसती तुमची गोष्ट झाली, बाई. नाव नसेल तर दोष तुमच्यावरच लिहावा लागेल."

"लिहा."

पेन कागदावर टेकलं, तेवढ्यात दाराकडून आवाज आला.

"माझं आहे ते."

वनजाक्षीशिवाय कोणालाच ते कळलं नाही. भाग्या पुढे आली. "माझं हृदय आहे ते. खोटं वाटत असेल तर आत्ता बघा."

बघितलं. वनजाक्षीनं नाही, तिप्पेस्वामीनं बघितलं. इकोच्या खोलीत त्यानं प्रोब टेकवला आणि पडद्यावर ती बारीक दोरी दिसली. या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत ताणलेली, तशीच, तिथंच. शेजारी पाच महिन्यांपूर्वीचं चित्र लावलं. वेगळं म्हणायला काही उरलं नाही.

भाग्यानं कपडे सावरले आणि बाहेर येऊन कोट्रेशसमोर उभी राहिली. त्यानं तिला एकच विचारलं.

"सुमंगलाला माहीत होतं? सगळं?"

"हो."

"मलाच तेवढं माहीत नव्हतं."

तो जिना उतरून गेला. कागद टेबलावरच राहिला.

रुद्रमुनींचा चेहरा मोकळा झाला होता. त्यांनी तिथल्या तिथं निकाल सांगायला सुरुवात केली. रुग्णाच्या नातेवाइकांनी ओळख लपवून फसवणूक केली, रुग्णालयाचा आणि कर्मचाऱ्यांचा काही दोष नाही.

"सर, त्यात एक ओळ घाला," वनजाक्षी म्हणाली. "चिठ्ठी आणि चित्र जुळत नाही, हे मी त्याच दिवशी तुम्हाला सांगितलं होतं. तुम्ही तेव्हा छातीला स्टेथोस्कोप लावला असता, तर आवाज नाही हे कळलं असतं. तिथंच सगळं उघडं पडलं असतं. ती वाचली असती."

त्यांनी चष्मा काढला. "लेखी दिलं होतंस?"

"नाही."

"मग राहू दे. तुला मोकळं केलंय, आणखी काय पाहिजे?"

६

दहा दिवसांनी कोट्रेश पुन्हा आला. या वेळी तो बाहेर बाकावर बसला, सगळे पेशंट संपेपर्यंत थांबला, आणि मग आत आला.

"ते चित्र बघायचंय."

वनजाक्षीनं लावलं. तीन ठोक्यांचं चित्र, संपलं की पुन्हा पहिल्यापासून. वरच्या कोपऱ्यात सुमंगलाचं नाव, वय सत्तावीस. तो हात मागे बांधून बघत राहिला.

"हे चांगलं चालतंय?"

"हो."

"हिचं कसं असेल?"

तिनं हाताची मूठ जवळजवळ मिटली आणि मधे एवढीशी फट ठेवली. त्यानं ती फट बघितली आणि मान खाली घातली.

"हे पुसून टाका. नाही तर नाव तरी बदला."

"मला नाही करता येत. सरांनाही नाही. एकदा आत गेलं की ते तसंच राहतं."

"म्हणजे कायम असंच? तिच्या नावावर हेच?"

"हो."

त्यानं पडद्याकडे पाठ केली. मग तिला विचारावंच लागलं. "बाळ?"

"मुलगी आहे. आई धरून बसते, पण आईचे हात थरथरतात. आठ दिवसांत वजन वाढलं नाही. नर्सबाई रोज विचारतात, ती दुसरी बाई का येत नाही?" त्यानं नाक पुसलं. "ती येते. रोज फाटकाशी उभी असते. मी तिच्या अंगावरून आत जातो."

"अण्णा, तिला आत घ्या."

"तुम्ही घेतलं असतं?"

खोटं बोलायची वनजाक्षीची इच्छा नव्हती, आणि खरं काय ते तिला माहीत नव्हतं.

कोट्रेश दारापर्यंत गेला, कडीला हात लावून थांबला.

"उद्या आईला घरी ठेवतो," तो तिच्याकडे न बघता म्हणाला. "तुम्ही सांगा तिला. मी तिच्याशी बोलणार नाही. जन्मात बोलणार नाही. पण पोरीला धरू दे."